सहा दहाची नोंद

१० मे, शनिवार. काम: फळ्यावरचा पाणी विभाग आवरणे. वेळ: जेवणानंतर, चहाच्या आत.

असं मी डायरीत लिहिलं होतं. काम लिहिताना मी शेजारी वेळ टाकते, म्हणजे रेंगाळायला जागा राहत नाही. ते काम खरंच चहाच्या आत संपलं. त्यातून जे उभं राहिलं ते निस्तरायला मात्र गुरुवार उजाडला.

फळा म्हणजे आमच्या सोसायटीची वेबसाइट. घाटकोपरला आमच्या दोन विंग आहेत, बावन्न बिऱ्हाडं. सात-आठ वर्षांपूर्वी बी विंगमध्ये एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ राहायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळच्या फुलांच्या चित्रांखाली पाणी बंद असल्याची सूचना दबून जाते, म्हणून ते वैतागले होते. वेगळी वेबसाइट बनवायला वेळ कोणाकडेच नव्हता. त्यांनी चर्चेच्या साइटींसाठी असतं ते फुकटचं सॉफ्टवेअर उचललं. एकाने विषय काढायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरं द्यायची, शेवटचं उत्तर ज्यावर आलं तो विषय सगळ्यांत वर. त्यांनी विभाग पाडले: सूचना, पाणी, लिफ्ट, कागदपत्रं, माणसं, हरवलं-सापडलं. 'माणसं'मध्ये प्लंबर, सुतार, इस्त्रीवाले यांचे नंबर. लोकांनी त्याचं नाव फळा ठेवलं आणि त्यावर वाट्टेल ते करायला सुरुवात केली. हॉल हवा असेल तर 'हॉल' विषयाखाली तारीख लिहायची, आधी लिहील त्याचा हॉल. गणपतीच्या आरतीच्या पाळ्या तिथेच ठरत. एका डाव्या चपलेवर बावीस उत्तरं आली होती आणि लिफ्ट विभागात का कोण जाणे, उकडीच्या मोदकांची कृती होती. ती चांगली होती, मी दोनदा वापरली.

ते गृहस्थ पुण्याला गेले. जाताना फळ्याचा पासवर्ड मला देऊन गेले, कारण मी सेक्रेटरी होते आणि मला नाही म्हणता आलं नाही.

अडचण अशी होती की फळ्याला सगळं माहीत होतं, पण विचारलं की तो सांगत नसे, बोलत सुटे. एप्रिलमध्ये नवीन वॉचमन आला. ए विंगचा पाइप गळायला लागला, तेव्हा त्याने मोबाइलवर फळा उघडला, 'व्हॉल्व्ह' शोधलं, पहिलं जे उत्तर दिसलं ते वाचलं आणि भलताच व्हॉल्व्ह बंद केला. ते उत्तर पाइपलाइन बदलण्याआधीचं होतं. बी विंग अख्खा दिवस कोरडी राहिली. कमिटीच्या बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते.

मी अंधेरीला एका औषध कंपनीत कागदपत्र विभागात काम करते. आमच्याकडे एक नियम आहे आणि त्यावर माझी एकोणीस वर्षं गेली आहेत. कुठल्याही कामाची एकच चालू प्रत. नवीन प्रत आली की जुन्या सगळ्या गोळा करायच्या, त्यांच्यावर 'रद्द' शिक्का मारायचा आणि त्या कपाटात बंद करायच्या. मशीनजवळ जुनी प्रत सापडली तर माझी नोकरी धोक्यात. तेव्हा फळ्याचं काय करायचं हे मला विचार न करता कळलं. प्रत्येक गोष्टीचं एक पान. वर एकच उत्तर, आजचं. खालची बडबड बंद.

त्या शनिवारी मी पंपघरात जाऊन सगळ्या व्हॉल्व्हचे फोटो काढले, नंबर घातले आणि 'पाणी: कुठला व्हॉल्व्ह कुठला' असं एक सुबक पान तयार केलं. मग विभागातले जुने नऊ विषय एकेक करून बंद करत गेले. बंद म्हणजे वाचता येतात, त्यांत नवीन लिहिता येत नाही. शेवटचा विषय होता 'पंप'. त्यात पाच हजारांच्या वर उत्तरं होती आणि जवळपास सगळी एकाच माणसाची.

ते म्हणजे ए विंगच्या तळमजल्यावरचे काका. मूळचे मालवणकडचे, वय अठ्ठ्याहत्तर. ट्रॉम्बेला मोठमोठी यंत्रं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. काकी चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटे. फळा सुरू झाला तेव्हा सोसायटीचा पंप तेच चालवायचे आणि रोज दोन नोंदी करायचे. बोटाने टॅबलेटवर अक्षरं गिरवून:

'०६:१०. पंप चालू. खालची टाकी भरलेली. आवाज बरोबर.'

'०६:५५. पंप बंद. वर जाऊन बघितलं. वरची टाकी काठोकाठ. एक कावळा.'

दोन वर्षांपूर्वी आम्ही आपोआप चालू-बंद होणारा पंप बसवला. काका तरीही सहाला पंपघरात जायचे, उभे राहायचे, आणि पंपाने स्वतःहून जे केलं ते लिहायचे. माझ्या ऑफिसच्या भाषेत या नोंदींना काही अर्थ नव्हता. मी बटण दाबलं. फळ्याने विचारलं: 'हा विषय बंद करायचा? दोन सदस्य या विषयावर लक्ष ठेवून आहेत.' एक काका स्वतः असणार. दुसरं कोण ते मी पाहिलं नाही. 'हो' दाबलं आणि चहा टाकला.

"काकांना सांगितलंस?" नवऱ्याने विचारलं.

"त्यात सांगायचं काय? पंप ऑटोमॅटिक झाला त्याला दोन वर्षं झाली."

"पंप झाला. काका झालेत का?"

"तू भांडी लाव."

रविवारी काका मला जिन्याजवळ भेटले. हातात पिशवी, पिशवीतून सुरमईचं शेपूट बाहेर.

"काका, पाण्याचं नवीन पान केलंय. बघितलंत का?"

"बघितलं."

एवढंच. एरवी सोसायटीच्या कुठल्याही कागदात ते निदान एक चूक काढतात. नोटिशीतला स्वल्पविराम सोडत नाहीत. मला वाटलं, पान चांगलं झालंय.

सोमवारी अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन आला.

"ताई, मी तळमजल्यावरच्या काकांची मुलगी बोलतेय. बेंगळुरूहून."

"बोल गं."

"बाबा दिसले का तुम्हाला?"

"काल दिसले. सुरमई घेऊन चालले होते. का?"

"फोन केला तर म्हणतात 'बरो आसय' आणि ठेवून देतात. ते नेहमी तेवढंच म्हणतात, त्यावरून काही कळत नाही. पण काल आणि आज त्यांची नोंद नाही आली."

"कसली नोंद?"

"पंपाची."

ती बोलत गेली. त्या विषयावर तिने सूचना लावून ठेवली होती. काकांनी लिहिलं की तिला ईमेल येई. रोज सकाळी ती डबे भरत असताना फोन वाजायचा आणि बाबा उठले हे तिला कळायचं. नोंद सहा-दहाऐवजी सहा-पंचवीसला आली तर रात्री झोप झाली नाही. 'वर जाऊन बघितलं'च्या जागी 'खालून अंदाज घेतला' असं आलं तर गुडघा दुखतोय. अक्षरं चुकली तर चष्मा न लावता लिहिलंय, म्हणजे चष्मा सापडत नाहीये, म्हणजे त्या दिवशी फोन करून सांगायचं की टीव्हीवर बघा. "ते विचारतात, तुका कसा कळला? मी म्हणते, अंदाजाने."

"त्यांना माहीत नाही तू वाचतेस ते?"

"नाही. आणि तुम्ही सांगू नका ना ताई. कळलं तर लिहिणं बंद करतील."

माझ्यासमोर रद्द झालेल्या प्रतींचा गठ्ठा होता आणि शिक्का हातात. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "साइटचं थोडं काम चालू आहे. संध्याकाळी बघते."

साइटचं काम चालू आहे हे खोटं नव्हतं. ते काम मी केलं, एवढंच त्यात नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी विषय उघडला. दोन मिनिटांचं काम. मंगळवारी सकाळी सहापासून दर दहा मिनिटांनी फळा बघत राहिले. सात वाजले तरी काही नाही. ऑफिसातून आल्यावर तळमजल्यावर गेले. काका गॅलरीत बसून रेडिओचं पोट उघडून बघत होते.

"काका, तो पंपाचा विषय परत उघडलाय हं."

"हो?"

"मग लिहा की."

"बघू." त्यांनी उठून मला कोकम सरबत दिलं. स्वतःसाठी घेतलं नाही. मी ते उभ्याने प्यायले आणि ग्लास धुऊन ठेवला. बाकी बोलण्यासारखं खूप होतं, पण ज्या माणसाला न विचारता आपण त्याचं काम काढून घेतलं त्याच्यासमोर कुठून सुरुवात करतात ते मला माहीत नव्हतं. माझी सवय उलट आहे. मी लोकांना चुका दाखवते.

बुधवारीही नोंद नव्हती. संध्याकाळी सात वाजता बेल वाजली. दारात काकांची मुलगी, खांद्याला एक बॅग, केस विस्कटलेले.

"बाबांकडे गेलेच नाही अजून," ती म्हणाली. "आधी तुमच्याशी बोलायचंय. उद्या संध्याकाळच्या विमानाची दोन तिकिटं काढलीयत. घेऊन जाते त्यांना."

"काही दिवसांसाठी?"

"नाही. कायमचं. घराला कुलूप लावायचं, तुम्ही मीटरकडे जरा लक्ष ठेवा, एवढं सांगायला आले."

मी तिला आत घेतलं, पंखा लावला. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"आई गेली ना ताई, तेव्हा बाबा माझ्याशी शब्दाने बोलले नाहीत. रडले नाहीत, काही नाही. मी दिवस होईपर्यंत इथे होते. परत गेले आणि दुसऱ्या दिवशी ईमेल आला. 'तेरा दिवस नोंद नाही. घरचं कारण. आज पंप चालू, आवाज बरोबर.' मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग ठरवलं. जोवर नोंद येतेय तोवर त्यांना हलवायचं नाही. त्यांचं घर, त्यांची गॅलरी, त्यांचा मासेवाला. पण ज्या दिवशी नोंद थांबेल त्या दिवशी मी ऐकणार नाही. चार दिवस झाले. त्यांना आता जमत नाहीये, आणि ते सांगत नाहीयेत."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो भांडी लावायला आत गेला.

"त्यांना जमतंय," मी म्हटलं. "मी बंद केलं."

"काय?"

"शनिवारी तो विषय मी बंद केला. त्यांनी लिहायचं म्हटलं तरी लिहिता आलं नसतं. सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मला माहीत होतं. संध्याकाळी उघडला, पण ते लिहीत नाहीत."

ती खुर्चीवरून उठली. "ताई, मी दोन दिवस झोपले नाहीये."

"हो."

"विमानात शेजारच्या बाईने विचारलं, घरी कोणी गेलंय का."

"हो गं. चुकलं माझं."

"चुकलं काय! एक वाक्य बोलायचं होतं फोनवर. एक वाक्य!" मग तिने ग्लासभर पाणी पिऊन घेतलं. "चला. तुम्हीच सांगा त्यांना."

आम्ही खाली गेलो. काकांनी दार उघडलं, मुलीला पाहिलं, मग तिच्या मागे मला पाहिलं.

"कोण मेला?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. बाबा, आत तरी येऊ द्या."

"जेवलंस?"

"नाही."

"मगे भात टाकतंय." आणि ते आत निघाले. मी दारातच म्हटलं, "काका, आधी माझं ऐका." ते थांबले. मी सगळं सांगितलं. वॉचमन, कमिटी, एकच चालू प्रत, नऊ विषय. त्यांना न विचारता केलं हेही.

"त्यात काय चुकलं तुझं?" काका म्हणाले. ते खरंच विचारत होते. "पान बरोबर केलंस. वॉचमनला पान पाहिजे, रोजच्या नोंदींचा लॉग कशाला पाहिजे? फक्त तीन नंबरचा व्हॉल्व्ह चुकीचा लिहिलायस. तो उलटा बसवलाय. उजवीकडे फिरवला की उघडतो. लॉगमध्ये आहे, पण तू वाचला नसशील."

"नाही वाचला."

"पाच हजार नोंदी कोण वाचणार गो."

"मग उघडल्यावर लिहिलं का नाहीत?"

ते खुर्चीवर बसले. मुलगी अजून उभीच होती, बॅग खांद्यावर.

"आमच्याकडे ट्रॉम्बेला लॉगला दोन सह्या असायच्या," ते म्हणाले. "देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. पाळी संपली की पुढचा यायचा, सगळं वाचायचा, खाली सही करायचा. मग तू घरी. तो आला नाही तर तुझी सुट्टी नाही. एकदा गणपतीत माझा घेणारा आला नाही, मी अठरा तास बसून होतो. लॉग एकट्याचा नसतोच मुळी. इथे मी आपलं रोज देत होतो. घेतं कोण? कोणी नाही. सवय म्हणून चालू होतं. तू बंद केलंस तेव्हा वाटलं, बरोबर आहे. घेणारा नाही तर लॉग कशाला."

मी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग बॅग खाली ठेवून म्हणाली, "मी घेत होते."

"काय?"

"रोज. तुम्ही लिहिलंत की मला ईमेल येतो. आई होती तेव्हापासून."

मला वाटलं, काका आता चिडणार. माझ्यावर पाळत ठेवता म्हणणार. पाळत आवडणाऱ्यांतले ते नाहीत.

"म्हणजे कावळो पण वाचलंस?"

"वाचला."

"आणि ती मांजरीची पिल्लां? टाकीमागची?"

"तीन होती. एक पांढरं. नंतर दोनच लिहिलंत, तिसऱ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीत. मी महिनाभर वाट बघत होते."

"तां बी विंगवाल्यांनी नेल्यानी. पाळूक." त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. "मगे सही कित्याक नाय केलंस?"

"तुम्हाला कळलं असतं कोणी वाचतंय, तर तुम्ही छान छान लिहिलं असतंत. गुडघ्याचं लिहिलं नसतंत."

"गुडघ्याचा मी कधी लिवलंय?"

"'खालून अंदाज घेतला.'"

काका हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं, खांदे हलवत, आवाज न करता. मुलगीही हसली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन भाताचं आधण ठेवलं, कारण तिथे आणखी कोणी तरी उभं राहणं बरं दिसत नव्हतं.

पण तिकिटं होतीच. भात शिजेपर्यंत ती बोलली.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर चला."

"माका थंय काय काम?"

"काम कशाला पाहिजे? मी आहे."

"तू दिवसभर हापिसात. मी गॅलरीत बसान काय करू? थंय मासे तरी बरे गावतत काय?"

"मिळतात."

"बर्फातले."

"बाबा, मस्करी नको. एखाद्या दिवशी पडलात तर?"

"पडलंय तर लिवीन."

"पडल्यावर कसं लिहाल?"

तिचा मुद्दा बरोबर होता, आणि ते आम्हा तिघांनाही कळलं. सकाळची एक नोंद चुकली तर बेंगळुरूहून ती काय करणार? फोन करणार, वाट बघणार, विमान पकडणार. या वेळी तेच झालं होतं, आणि या वेळी काही झालेलं नव्हतं म्हणून निभावलं.

मी आतून म्हटलं, "मी साडेपाचला उठतेच."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी खाली येईन. पंप चालू झाला की काका इथे बघतील, गच्चीवर मी जाईन. त्यांनी जिने चढायचे नाहीत, ही माझी अट. नोंद ते करतील, मी खाली सही करीन. तू तिकडे वाचून घेतलं म्हणून लिहायचं. तीन माणसं झाली. एखाद्या दिवशी पंपघरात काका दिसले नाहीत तर मी दार वाजवीन, दार उघडलं नाही तर फोडीन."

"रोज?" मुलगी म्हणाली.

"रविवारी नाही. रविवारी माझा नवरा येईल. त्याला व्यायामाची गरज आहे."

"आणि एक दिवस तुम्हाला वाटलं की हे सगळं आवरायला पाहिजे, बंद करायला पाहिजे, तर?"

मला ते लागलं. लागावं असंच होतं.

"तर आधी तुला विचारीन," मी म्हटलं.

ती काकांकडे वळली. "बाबा, तुम्हाला चालेल?"

"हिला व्हॉल्व्ह कळत नाहीत," काका म्हणाले. "शिकवायला लागेल."

"म्हणजे चालेल?"

"म्हणजे शिकवायला लागेल."

तिने फोन काढला, एक तिकीट रद्द केलं. दुसरं ठेवलं. मग आम्ही तिघांनी सुरमईचं कालवण आणि भात खाल्ला. कालवण तीन दिवसांचं होतं आणि त्यामुळेच जास्त मुरलेलं. जेवताना काकांनी मला नवीन पानावरच्या आणखी दोन चुका सांगितल्या. दोन्ही खऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी सहाला पाच मिनिटं कमी असताना खाली गेले. काका पंपघराच्या दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, जणू मी नोकरीवर रुजू व्हायला आले होते. त्यांनी मला पंपाच्या अंगावर हात ठेवायला लावला. "आवाज कानाने ऐकू नको. हाताने ऐक. असा आहे तो बरोबर. याच्यापेक्षा खरखरीत लागला तर सांगायचं." तीन नंबरचा व्हॉल्व्ह मी स्वतः फिरवून बघितला. उलटाच होता. पान तिथेच, मोबाइलवर दुरुस्त केलं.

काकांनी आधी राहिलेली नोंद केली. 'चार दिवस नोंद नाही,' असं लिहून टॅबलेट माझ्याकडे दिला. "कारण तुझं आहे, तू लिही."

मी लिहिलं: 'कारण: सेक्रेटरीने न विचारता विषय बंद केला.' बावन्न बिऱ्हाडांनी वाचावं तसं लिहिलं. खाली माझं पद टाकलं. मग त्यांनी त्याखाली '०६:१०' गिरवलं.

पाऊण तासाने मी गच्चीवर गेले. पाच मजले, लिफ्टने नाही, कारण शेवटच्या मजल्यापर्यंत लिफ्ट जात नाही आणि तिची वाट बघण्यापेक्षा मला चालणं परवडतं. टाकीचं लोखंडी झाकण माझ्या अंदाजापेक्षा जड निघालं. दोन्ही हातांनी सरकवलं आणि आत बघितलं. पाणी थरथरत होतं, वरच्या पाइपातली धार बारीक होत होती, आणि मग ती थांबली.

मी कठड्यावरून वाकून ओरडले, "काका, भरली!"

खाली त्यांनी मान वर केली नाही, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शेजारी मुलगी चहाचा कप घेऊन उभी होती. तिने वर बघून हात केला. मी झाकण लावलं, त्यावर वीट ठेवली आणि डबा भरायला घरी गेले.